खिडकीतला धूर धरत नाहीत

सार्ट कॉटेज, लिटल सार्ट
१० सप्टेंबर

सेसिली,

मी तुझ्याकडे काहीतरी मागते आहे, असा हे पत्र वाचून तुझा समज होईल. मी मागत नाही. कळवते आहे. या दोहोंतला फरक सिस्टर इमाक्युलाटांनी पत्रलेखनाच्या तासाला आपल्याला शिकवला होता. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस.

परवा धूरमोजणी झाली. नऊ वर्षं वर्दिंगला समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाला हे आठवत नसेल म्हणून सांगते: त्या सकाळी ऑल्डरहे जंगलातल्या प्रत्येक हक्काच्या घराच्या धुराड्यातून धूर निघावा लागतो. धूर दिसला तर चूल जिवंत. चूल जिवंत तर त्या घराची डुकरं पानगळीच्या दिवसांत राजाच्या ओकांखाली चरायला सोडायचा हक्क जिवंत. आपला राखणदार ग्रेगरी टॅपसेल फाटकाशी उभा राहतो, वर बघतो, हातातल्या काठीवर सुरीने एक खाच पाडतो आणि पुढच्या घराकडे जातो. बाबांच्या वेळीही असंच होतं, फक्त तेव्हा ग्रेगरीचे वडील होते आणि ते चहाला थांबत.

मी सकाळीच चूल पेटवली. वाळलेली लाकडं, खाली पाइनची बोंडं, सगळं रीतसर. एप्रिलमध्ये धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलं होतं, तेव्हा शहरातून एक माणूस येऊन वर पत्र्याचं झाकण ठोकून गेला होता आणि भिंतीला विजेवर चालणारा हीटर बसवून गेला होता. वर झाकण आहे याची आठवण करून द्यायला तो सप्टेंबरात परत आला नाही. हल्लीचे कारागीर असेच.

बघता बघता भिंतीवरचा बाबांचा फोटो दिसेनासा झाला. मी खिडक्या उघडल्या. धूर लोटच्या लोट बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग मी. फाटकाशी ग्रेगरी.

"मिस पेनफोल्ड, आग लागलीय का?"

"लागली नाही, लावलीय. खाच पाड."

"पण धूर खिडकीतून येतोय."

"तुला धूर हवा होता ना? हा घे. इतका धूर या गावात कुणी दिला नसेल."

"खिडकीतला धरत नाहीत, मिस. धुराड्यातला लागतो."

"कुठे लिहिलंय असं?"

"आपल्याकडे लिहिलेलं काय असतं?" असं म्हणून त्याने टोपी काढली. माणूस गेल्यावर काढतात तशी.

एवढ्यात आगीचा बंब आला. तो क्लाइव्ह फॅनशॉने बोलावला होता. क्लाइव्ह म्हणजे समोरच्या घरात लंडनहून येऊन राहिलेला गृहस्थ. गेल्या साली तो रानकचेरीचा, म्हणजे आपल्या जंगलहक्कांच्या पंचायतीचा, पंच झाला, कारण बैठकीला नियमाने येणारा तो एकटाच होता. बंबवाल्यांनी माझ्या डेलियाचा वाफा तुडवला आणि मलाच विचारलं, "आजी, घरात आणखी कुणी आहे का?" नाही म्हटलं. कुणी नाही.

तर आता स्थिती अशी. २९ तारखेला, सेंट मायकलच्या दिवशी, कचेरी बसेल. ज्या घराची खाच नाही ते घर थंड म्हणून पुकारतील, आणि एकदा थंड झालेलं घर पुन्हा कधीच गरम होत नाही. सुटकेची वाट एकच: त्या घराच्या चुलीपाशी जन्मलेल्या कुणीतरी पंचांपुढे उभं राहून ग्वाही द्यायची, की मी या चुलीत जाळ पाहिलाय.

मी जिल्ह्याच्या इस्पितळात, पांढऱ्या चादरीवर, दिलेल्या तारखेला जन्मले. तुझ्या वेळी बर्फाने रस्ता बंद झाला, सुईण अर्ध्या वाटेत अडकली, आणि तू स्वयंपाकघरात चुलीपुढच्या गालिच्यावर आलीस. तुझं पुढचं सगळं आयुष्य त्याच पद्धतीने चाललं, त्यात मला आश्चर्य वाटलेलं नाही.

हे फक्त कळवण्यासाठी.

तुझी बहीण,
अर्सुला पेनफोल्ड

ता. क. यायला जमणार नसेल तर तसं लिही. मला फरक पडत नाही. डुकरांना पडेल.


१७ सप्टेंबर

सेसिली,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. समुद्रातल्या धक्क्याचं चित्र बरं आहे. मागचा मजकूर पोस्टमन वाचतो, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. "नऊ वर्षांनी पत्र, आणि त्यात डुकरं? डेस्मंडबद्दल काही म्हणायचंय की नाही?" हे त्याने मला वाचून दाखवूनच हातात दिलं.

डेस्मंडबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला मी जे म्हटलं ते त्याच्याबद्दल नव्हतंच, त्याच्या केसांच्या टोपाबद्दल होतं, आणि वस्तुस्थितीला धरून होतं. टोप उलटा बसवला होता. पेटी बंद व्हायच्या आत कुणीतरी सांगायला हवं होतं. ते कानात सांगता आलं असतं, हे तुझं म्हणणं मी तेव्हाही ऐकून घेतलं. त्या चर्चमध्ये आवाज घुमतो याला मी काय करणार?

मुद्द्याचं लिहिते. आपली खाच गेली म्हणून सगळ्यात आनंद कुणाला झाला असेल तर क्लाइव्हला. आपल्या हक्काचा ओकांचा पट्टा मोकळा झाला की तिथे तो पर्यटकांसाठी 'राजाची वाट' करणार आहे. त्यासाठी त्याने आतापासूनच पाट्या ठोकायला घेतल्यात. किंग्ज लॉनवरची पाटी म्हणते, इथे राजा एका गवळणीबरोबर चांदण्यात नाचला. राजा! जो इथे आला असलाच तर हरणं मारायला आला आणि थंडी वाजल्यावर परत गेला. लॉन म्हणजे हरणांच्या चरण्यासाठी राखलेलं मोकळं कुरण, दुसरं काही नाही. स्टिरप गेटला म्हणे एका शूर सरदाराची रिकीब पडली. खरं म्हणजे तिथे गावातली कुत्री रिकिबीतून पार करून बघत. जे कुत्रं पलीकडे निघालं ते सुटलं. जे अडकलं त्याच्या पुढच्या पायांची तीन-तीन नखं छाटत, म्हणजे राजाच्या हरणांमागे धावायला नको. हे मुलांनी वाचण्यासारखं नाही, असं क्लाइव्हचं मत. गवळणीबरोबर चांदण्यात नाचणारा राजा मात्र मुलांनी वाचण्यासारखा!

पण आपल्या गावाच्या पाटीने कहर केला. 'लिटल सार्ट: रानमेवा खाऊन राहणाऱ्या सार्ट नावाच्या एका छोट्या संताचं गाव.' मी पाटीसमोर उभी असताना तो आला.

"कशी वाटली, अर्सुला?"

आम्ही एकेरी नावावर कधी आलो ते मला माहीत नाही.

"मिस्टर फॅनशॉ, सार्ट म्हणजे राजाला न विचारता झाडं तोडून काढलेली शेतजमीन. राजाचे कारकून दर काही वर्षांनी यायचे, दंड ठोकायचे. आमचे पूर्वज दंड भरायचे आणि तिथेच पेरायचे. या गावात संत कुणी नव्हता. हे दंड भरून भरून कायम झालेलं अतिक्रमण आहे."

"पण लोकांना गोष्ट आवडते हो."

"मग हीच सांगा. चोरांची गोष्ट कुणाला आवडत नाही?"

"तुम्ही जंगलावर इतकं प्रेम करता," तो म्हणाला, "मग तिथे डुकरं कशाला सोडता?"

तेव्हा मी त्याला उभ्या उभ्या धडा दिला. जंगल म्हणजे झाडं, असं शहरातल्या माणसांना वाटतं. आपल्या जंगलात निम्मी नुसती झुडपं, माळ आणि शेतं. जंगल म्हणजे राजाचा कायदा जिथवर चालतो ती हद्द. त्या कायद्याने माणसाला सगळं मना केलं. हरीण मारू नका, फांदी तोडू नका, कुंपण उंच बांधू नका. एकच गोष्ट सोडली: ओकची बोंडं गळायला लागली की डुक्कर आत घाला. हिरवी बोंडं खाऊन तट्टं मरतात, डुकरं तीच खाऊन गब्बर होतात. राजाशी एवढा एक करार आमच्या घराने टिकवलाय, आणि तो मोडायला राजाही आला नाही.

"राजा नाही आला," क्लाइव्ह हसून म्हणाला, "पण झाकण आलं."

मी तिथून तडक घरी आले. पळाले असा अर्थ काढू नकोस.

आपल्या दोन्ही माद्या, परपेच्युआ आणि फेलिसिटी, कुंपणाशी उभ्या राहून ओकांकडे बघत असतात. वारा तिकडून आला की दोघी एकदम नाक वर करतात. त्यांना काय सांगू?

अर्सुला


२४ सप्टेंबर

सेसिली,

तुझं दुसरं कार्ड. मजकूर एका ओळीचा: "'कृपया' असा एक शब्द आहे."

आहे. आपल्या फाटकावर बाबांनी पांढऱ्या रंगात तो लिहून ठेवलाय: 'कृपया फाटक लावून घ्या.' तू येशील तेव्हा वाच.

बस स्टेशनपासून सकाळी सुटते. किंग्ज लॉनला उतरू नकोस, तिथे आता क्लाइव्हच्या पाट्या वाचत लोक रस्त्यात उभे असतात. पुढच्या थांब्याला उतर. तुझी खोली मी मुद्दाम आवरलेली नाही. चादरी बदलायला झाल्याच होत्या. गादी उन्हात टाकली कारण ऊन पडलं होतं. खिडकी पुसली ती धुरामुळे. प्लमचा जॅम या वर्षी जास्त झालाय, तो कुणीतरी खायला हवा. आणि केक केला तर त्यात शहाजिरं घालणार आहे, कारण मला आवडतं. तुलाही आवडत असेल तर तो योगायोग.

झाकण काढायला माणूस येऊन गेला. जाताना म्हणाला, "बाई, धुराडं झकास ओढतंय." आता ओढून काय उपयोग?

कचेरी अकरा वाजता, पबच्या मागच्या दालनात. काळे बूट घाल. लाल नको.

अर्सुला


३० सप्टेंबर

सेसिली,

लाल बूट! असो.

कालच्या प्रकाराबद्दल माझं म्हणणं वेळेवर नोंदवून ठेवते, म्हणजे तू वर्दिंगच्या मैत्रिणींना वेगळंच काही सांगत फिरणार नाहीस.

पहिली गोष्ट. मुख्य पंच मिसेस ब्रूम यांनी पुकारा केला, "सार्ट कॉटेजच्या चुलीसाठी कोण उभं आहे?" तेव्हा उभं राहायचं असतं. "थांबा हं, चष्मा शोधतेय," असं म्हणायचं नसतं.

दुसरी गोष्ट. क्लाइव्हने हरकत घेतली, ती रीतीला धरून होती हे मलासुद्धा मान्य करावं लागेल. "या बाई वर्दिंगला तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्या त्याच चुलीपाशी जन्मल्या याला पुरावा काय?" यावर "मला नीट आठवत नाही हो, मी तेव्हा फार लहान होते," हे उत्तर नव्हे. सगळं दालन हसलं, ग्रेगरी तर बाकावरून घसरला. मिसेस ब्रूमच्या आईनेच त्या बर्फात सुईणीला शोधायला घोडा जुंपला होता हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, म्हणून निभावलं. नाहीतर तुझ्या विनोदावर आपला सातशे वर्षांचा हक्क बुडाला असता. 'सातशे' असं लोक म्हणतात. मी शाळेत भूगोल शिकवलाय, इतिहास नव्हे, म्हणून मी म्हणेन बरीच वर्षं.

तिसरी गोष्ट, आणि ही मी विसरणार नाही. मिसेस ब्रूमनी रीतीप्रमाणे विचारलं, "त्या चुलीत जाळ पाहिलास?" उत्तर एका शब्दाचं असतं: पाहिला. शेजारच्या म्हातारीने एकदा तिच्या घरासाठी दिलं होतं तसं. तू काय म्हणालीस?

"बाई, त्या घरातला जाळ विझलेला मी कधी पाहिलाच नाही. चुलीत नसला तर माझ्या बहिणीच्या डोक्यात असतो."

क्लाइव्हसुद्धा हसला. मिसेस ब्रूमनी मेज ठोकलं, "चूल जिवंत," म्हणाल्या, आणि ग्रेगरीने तिथल्या तिथे काठीवर खाच पाडली. खाच जरा वाकडी पडली. हसण्याने असेल.

आता चौथी गोष्ट. चुलीची ग्वाही देणारा त्या चुलीचा वाटेकरी होतो आणि त्याला स्वतःचं एक डुक्कर आत घालता येतं, ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. तुला ती माहीत असेल असं मात्र मला वाटलं नव्हतं. बाहेर पडल्या पडल्या तू ग्रेगरीच्या गोठ्यात गेलीस काय, तांबूस रंगाचा तो खच्ची डुक्कर निवडलास काय! डोक्यावर केसांचा झुबका, तोही एका बाजूला कललेला. मी म्हटलं, "हा का? याच्यापेक्षा पाठीने चांगले चार होते." तू म्हणालीस, "मला हाच ओळखीचा वाटतो." आणि सगळ्यांदेखत त्याचं नाव डेस्मंड ठेवलंस.

मी काही बोलले नाही. हवं तर ग्रेगरीला विचार, मी काहीही बोलले नाही.

मग तू फाटकाशी उभ्या उभ्याच केकचा एक तुकडा रुमालात बांधून घेतलास आणि संध्याकाळच्या बसने गेलीस. आत आलीच नाहीस. मी काही म्हणत नाही. गादी परत उचलून ठेवली, तीही जड झाली आहे हल्ली.

ग्वाहीबद्दल घराच्या वतीने आभार. हे औपचारिक आहे.

अर्सुला


२१ ऑक्टोबर, सेंट अर्सुलाचा दिवस

सेसिली,

कार्ड मिळालं. माझा नामदिवस तुला आठवला याचं श्रेय सिस्टर इमाक्युलाटांना. लाल बूट घातलेल्या डुकराचं चित्र कुठून मिळवलंस ते नंतर सांग.

तुझ्या डुकराचं वर्तन कळवणं वाटेकरीण म्हणून माझं कर्तव्य आहे. परपेच्युआ आणि फेलिसिटी सकाळी जातात, बोंडं खातात, अंधार पडायच्या आत परततात. शाळेत वाढल्यासारख्या. डेस्मंडला शिस्त नाही. जमीन उकरू नये म्हणून नाकात कडी घालताना त्याने ग्रेगरीला लोळवलं. पहिल्याच आठवड्यात तो क्लाइव्हच्या पाटीला पाठ घासत बसला आणि राजा व गवळण दोघं गवतात आडवे झाले. क्लाइव्ह तक्रार घेऊन आला.

"अर्सुला, तुमच्या डुकराने पाटी पाडली!"

"माझं नव्हे. माझ्या बहिणीचं. तिच्याशी बोला, ती तिसऱ्या मजल्यावर राहते."

"पण आता तिथे काय लिहायचं?"

मी त्याला सांगितलं काय लिहायचं ते. त्याने लिहून घेतलं, हे विशेष. नव्या पाटीवर कुरण आहे, हरणं आहेत, कुत्र्यांची नखंसुद्धा आहेत. मुलं तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभी राहतात असं तो स्वतः सांगत होता. मी "मी म्हटलंच होतं," असं फक्त एकदाच म्हटलं.

मुख्य अडचण वेगळी आहे. तुझं डुक्कर नावाने हाक मारल्याशिवाय हलत नाही. मला रोज संध्याकाळी किंग्ज लॉनच्या कडेला उभं राहून ओरडावं लागतं, "डेस्मंड! डेस्मंड, ये बघू घरी! निर्लज्जा, किती वेळ ताटकळत ठेवशील!" परवा एक तरुण जोडपं थांबलं. मुलगी फार सभ्य होती.

"आजी, तुमचे यजमान हरवलेत का?"

"माझे नाहीत," मी म्हटलं, "बहिणीचे."

"बिचारे. काही विसरतात का ते?"

"काही विसरत नाहीत. फार लक्षात ठेवतात, हीच तर तक्रार आहे."

मुलगी मग माझ्याबरोबर हाका मारू लागली. डेस्मंड झुडपातून बाहेर आला, झुबका डोळ्यांवर, तोंडात बोंडं. त्या दोघांचे चेहरे तू पाहायला हवे होतेस. मला इतकं हसू आलं की ओकाला धरून उभं राहावं लागलं. घरी आल्यावर हे कुणाला सांगावं म्हणून बघितलं तर दोघी डुकरिणी. त्यांना विनोदाचं अंग नाही.

तसा तो वाईट नाही. पाठ खाजवली की डोळे मिटतो. केसांचा झुबका त्याला शोभतो, असंही एखाद्याला वाटेल.

अर्सुला


१४ नोव्हेंबर

सेसिली,

हे तातडीचं आहे, म्हणून पोस्टकार्डावर लिहीत नाही.

डुकरं २२ तारखेपर्यंत जंगलातून घरी यावी लागतात. त्या दिवशी कुणा संतिणीचा सण असतो ते तुला सांगायला नको, तुझंच नाव आहे. त्यानंतर जे डुक्कर जंगलात सापडेल ते कचेरीचं, आणि कचेरी त्याचं काय करते ते लिहवत नाही. परपेच्युआ आणि फेलिसिटी या वर्षापुरत्या घरी आल्यात, दोघी इतक्या फुगल्यात की फाटक दोनदा उघडावं लागलं. डेस्मंड आलेला नाही.

आठवडाभर मी जाते आहे. सकाळी जाते, दुपारी जाते. तो दिसतो. ओकांच्या पलीकडे उभा राहून माझ्याकडे बघतो आणि जागचा हलत नाही. हाकेला येईनासा झालाय. माझ्या हाकेला म्हणते मी. त्याला बहुधा दुसरा आवाज हवा आहे. डुकरांचे कान फार तीक्ष्ण असतात हे शास्त्र आहे, माझं मत नव्हे.

काल ग्रेगरी आला होता. तो उगाच काळजी करतो.

"मिस, एवढी हाकाटी कशाला? बादलीत थोडा चारा घ्या आणि खडखडवा. डुक्कर कुठूनही धावत येतं."

"बादली आहे कुठे?" मी म्हटलं.

"मिस, ती तर तुमच्या हातात आहे."

मी त्याला घरी पाठवलं. काही माणसांना कधी निघावं ते कळत नाही.

तर परिस्थिती अशी आहे की तुझं डुक्कर येत नाही, आणि ते यायचं तर तुझ्याच आवाजाने येईल. बस तीच, सकाळची. लाल बूट चालतील, चिखल आहे. परतीचं तिकीट मात्र आधी काढून ठेवू नकोस. हे डुक्कर किती दिवस लावेल, काही सांगता येत नाही.

तुझी,
अर्सुला